बटाट्याचा परासरण-प्रयोग: आदल्या रात्रीची तयारी

टाचण्या. आधी टाचण्या डब्यात टाका, मग पुढचं वाचा. गेल्या वर्षी आठवीला परासरण, म्हणजे पातळ पटलातून पाणी जास्त साखरेच्या बाजूला जाणं, दाखवायला मी बटाटे, साखर, काचेची भांडी, सगळं नेलं. दोन तासांनी "बघा, खळग्यातलं पाणी वर आलं" असं ऐटीत सांगितलं, तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, आधी कुठे होतं?" खूण केलीच नव्हती. वर्ग हसला. मीही हसलो, करणार काय.

बटाटे तीन, मोठे नि टणक. सुरकुतलेले नकोत, ते स्वतःच पाणी पीत बसतात. एक उकडून घ्या, पण पीठ होईपर्यंत नाही, नाहीतर कोरताना हातात फुटेल. सालं काढाच. सालीत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ असतो, तो पाण्याला वाट देत नाही. मग मुलांना प्रद्रव्यपटलाचं, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाचं, काम दिसायचं राहतं आणि सालीचा हट्टच दिसतो. बूड सपाट कापा. खळगा चमच्याने कोरा, तळाशी बोटभर जाडी ठेवा. भोक पडलं तर बटाटा बाद, बुजवत बसू नका.

20 ग्रॅम साखरेत पाणी घालून 100 मिलिलिटर द्रावण करा. मागच्या बाकांसाठी थेंबभर लाल खाण्याचा रंग. एका कच्च्यात नि उकडलेल्यात हे द्रावण, दुसऱ्या कच्च्यात साधं पाणी. खळगा अर्धाच भरा. आणि लगेच, बटाटा भांड्यात ठेवायच्या आधी, द्रावण जिथे टेकलंय तिथे टाचणी खोचा. तिन्ही बटाट्यांत. "एकात लावतो, बाकीचं लक्षात राहील" म्हणाल, तर नाही राहत. माझं राहिलं नव्हतं.

बाहेरचं पाणी बटाट्याच्या निम्म्यापर्यंत. पहिल्या तासाला मांडा, मोठ्या सुट्टीनंतर बघा. साखर असलेल्या कच्च्या बटाट्यात पातळी टाचणीच्या वर जाते, कारण पटलातून पाणी आत येतं, साखर सहजी बाहेर जात नाही. उकडलेल्यात पटलंच फुटलेली, साखर पाझरून जाते, पातळी तशी चढत नाही. "पटल तर मेदाचं, पाणी जातं कसं?" असं कुणी विचारेलच. थोडं थेट जातं, बरंचसं ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या वाटेने. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना 2003 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, हेही सांगून टाका.

टाचणीपासून पातळी पट्टीने मोजा, फळ्यावर लिहा. पट्टी घेतली ना? फडकं, कचऱ्याची पिशवी. बेदाण्यांचा प्रयोग त्याच दिवशी नको, वेळ पुरत नाही. बटाटे घरी जायच्या आधी फेका, सकाळी वास मारतो. टाचण्या मात्र मोजून परत घ्या, बाकाखाली राहिली तर कुणाच्या तरी पायात जाईल.