पाड्यावर वीज नेताना

खांबांची आखणी करायला मी आधी भगताला सोबत घेतो, नकाशा मागाहून. वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड, मसणवटा हे सातबाऱ्यावर सापडत नाही. मोहाचं झाड आडवं आलं तर खांब दहा पावलं सरकवा. जमतच नसेल तर फुलं कोण वेचतं ते विचारा, बहुधा दोन-तीन घरं निघतात. तोडायच्या झाडांवर चुन्याने आकडे घाला. सरकारी वीजवाहिनी, वनजमीन एक हेक्टरच्या आत, तोड हेक्टरी ७५ झाडांपर्यंत आणि ग्रामसभेची शिफारस, एवढं असलं की वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) खाली ती जमीन वापरायचा प्रस्ताव वनविभागाकडे जातो. ग्रामसभा मात्र मोहाच्या हंगामात ठेवू नका. मी ठेवली होती. पाडा पहाटेच रानात गेलेला, सतरंजीवर मी आणि ग्रामसेवक.