फ्रान्समधल्या आन्सीच्या तळ्याकडे मोटरहोमने निघताय? आधी टोकन

कपडे, औषधं, चार्जर हे सांगायला नको. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या, सोबत मूळ लायसन्सही. मोटरहोम म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली गाडी. ती ३.५ टनांच्या आतलीच ठरवा, त्याच्या वर गेलात की साधं लायसन्स पुरत नाही.

आता टोकन. आन्सीहून तोन, ला क्ल्यूझा करत आराव्हीच्या घाटाकडे (१,४८६ मीटर) निघालात की वाटेतल्या गावांत मोटरहोमसाठी पाणी भरायचे खांब लागतात. काही कार्डावर चालतात, काहींना फक्त टोकनच लागतं. नाणं टाकलंत तर खट्कन खाली परत येतं. आणि टोकन खांबापाशी मिळत नाही! पर्यटन कार्यालयात, नाहीतर बेकरीत मागायचं. ती दुपारी जेवायला बंद, रविवारी दुपारनंतर तर विचारूच नका. मागच्या खेपेला आम्ही नेमके रविवारी संध्याकाळी पोचलो, टाकी कोरडी आणि सिंकमध्ये खिचडीचा कुकर तसाच. म्हणून गावात शिरल्या शिरल्या आधी टोकन, मग फोटो. टाकी शंभरेक लिटरची असते, पण आपल्याला संडासातही पाणीच लागतं. चार माणसांत ती दोन दिवससुद्धा पुरत नाही.

गाडीची उंची, छतावरच्या एसीसकट, मीटरमध्ये लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवा. तळ्याकाठच्या बऱ्याच पार्किंगांना दोन मीटरवर आडवा दांडा असतो आणि आपली गाडी तीनच्या आसपास. नळाला लागतील ते जोड, पाण्याचा पाइप, चाकाखाली द्यायच्या पाचरी गाडीत आहेत का, ते ताब्यात घेतानाच उघडून बघा. ‘सगळं आहे’ यावर विश्वास ठेवू नका. गॅस प्रोपेनचा मागा, थंडीत ब्यूटेन शेगडीपर्यंत पोचतच नाही. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात तिकडच्या डोंगराळ भागात हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या आहेत.

टोकन घेतलं का? बरं.

घाट उतरताना खालचा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. तोनला शनिवारी बाजार असतो, रब्लोशों चीज तिथलंच घ्या, पण घट्ट डब्यात, नाहीतर गाडीभर वास. रात्री तळ्याकाठी थांबण्याआधी पाटी वाचा.

गाडी परत देताना डिझेल, संडासाची कॅसेट (खालची काढता येणारी मैल्याची टाकी), झाडलोट, ओरखड्यांचे फोटो. टोकनं दोनच घ्या, एका गावचं दुसऱ्या गावात चालेलच असं नाही.