व्यायामाआधी खावं का? खायचं तर काय, किती आणि किती वेळ आधी

सकाळी बाहेर पडण्याआधी दोनच गोष्टी बघायच्या: शेवटचं खाऊन किती तास झाले, आणि पुढचा व्यायाम किती वेळाचा, किती जोराचा आहे. केळं खायचं की नुसतं पाणी पिऊन निघायचं, हे यावरून ठरतं. त्यामुळे जे सकाळच्या फेरीला चालतं, ते संध्याकाळच्या जिमला चालेलच असं नाही.

आधी व्यायाम कोणता ते ठरवा

रात्री साडेआठला जेवून सकाळी सहाला उठलात, तर मध्ये साडेनऊ तास गेले. या वेळात मेंदू मुख्यतः यकृतातल्या साखरेच्या साठ्यावर, म्हणजे ग्लायकोजेनवर, चालतो. हा साठा पूर्ण भरलेला असला तरी साधारण १०० ग्रॅमच, आणि पहाटेपर्यंत बराच उतरलेला असतो. स्नायूंमधला साठा मात्र ३०० ते ५०० ग्रॅम असतो. झोपेत स्नायू फारसं काम करत नसल्यामुळे तो जवळपास तसाच राहतो. म्हणून पाऊण तास चालायला, योगासनांना किंवा १२ ते २४ सूर्यनमस्कारांना वेगळं काही खावं लागत नाही. उलट सूर्यनमस्कारात वाकताना भरलेलं पोट दाबलं जातं आणि आंबट पाणी घशाशी येतं, तिथे अनशापोटीच बरं.

तासाभराचं आरामात पळणं किंवा सायकल असेल, तर निर्णय तुमच्यावर. खाऊन बरं वाटत असेल तर खा. जड वजनं, दमछाक करणारे वेगाचे फेरे, फुटबॉल किंवा तासापेक्षा लांबचा कोणताही व्यायाम असेल, तर मात्र खाऊन जा. अशा वेळी स्नायू मुख्यतः साखरच जाळतात आणि ती कमी पडली की पाय शिशाचे होतात.

मग घड्याळ उलटं मोजा

पूर्ण जेवण आणि व्यायाम यांत ३ ते ४ तास हवेत. पोटभर नाश्त्याला दोन तास पुरतात. लहानसं खाणं अर्धा ते एक तास आधी. पंधरा मिनिटंच उरली असतील तर फार तर अर्धं केळं.

दीर्घ व्यायामासाठी प्रमाणाचा हिशोब सोपा आहे. जितके तास आधी खाल, वजनाच्या दर किलोला साधारण तितके ग्रॅम कर्बोदकं (पिष्ट आणि साखर), हे चार तासांपर्यंत. वजन ६० किलो असेल तर तासभर आधी ६० ग्रॅम, दोन तास आधी १२० ग्रॅमपर्यंत. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात आणि ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ३८च्या आसपास. म्हणजे एक बशी पोहे आणि एक केळं, झाले ६० ग्रॅम. तासाभराच्या साध्या जिमला एवढं लागत नाही, एक केळं भागवतं.

काय खावं

पिष्टमय किंवा गोड, आणि तेल, तूप, तंतू (चोथा) कमी, असं काहीतरी हवं. केळं, दोन-तीन खजूर, राजगिऱ्याचा लाडू, ब्रेडला जॅम, तूप न लावलेली पोळी आणि गूळ. पोहे, उपमा चालतात, पण तेल कमी आणि शेंगदाणे बाजूला.

मिसळ, वडापाव, मोडाची उसळ, मूठभर बदाम हे नंतरसाठी ठेवा. चरबी आणि तंतू जठर रिकामं व्हायला वेळ लावतात, आणि उसळीने गॅस होतो तो वेगळाच. साबुदाण्याच्या खिचडीचं थोडं गमतीचं आहे. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट, म्हणजे व्यायामासाठी उत्तम. पण दाण्याचं कूट आणि तूप पडलं की तीच खिचडी जड होते. एकादशीला पळायचंच असेल तर उकडलेलं रताळं किंवा केळं खा.

प्रथिनांसाठी सकाळी धावपळ करायची गरज नाही. रात्रीच्या जेवणात डाळ, अंडी, पनीर किंवा मासे नीट असले आणि व्यायामानंतरच्या नाश्त्यात पुन्हा आले, की झालं.

पाणी आणि चहा

उठल्यावर एक पेला पाणी पुरेसं. लांबच्या व्यायामाआधीच्या २ ते ४ तासांत ६० किलोच्या माणसाने ३०० ते ६०० मिली प्यावं, शेवटच्या पाच मिनिटांत गटागटा नाही. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा जोर साधारण अर्ध्या ते एका तासात येतो. दोन चमचे साखरेच्या चहात मात्र आठ-दहा ग्रॅम साखर असते. त्यामुळे चहा-बिस्किट घेऊन ‘मी उपाशीपोटी चालतो’ म्हणणारे उपाशी नसतातच!

आणि उपाशीपोटी चरबी जास्त जळते त्याचं काय? त्या तासात जळते, हे खरं. पण उरलेल्या दिवसात शरीर हिशोब बराचसा भरून काढतं, आणि काही आठवड्यांनी वजनात दिसतो तो एकूण खाण्याचाच फरक. उपाशी पळून घरी आल्यावर चार वडे खाल्ले तर काय होणार, ते वेगळं सांगायला नको.

संध्याकाळची खरी अडचण

एक वाजता डबा आणि सात वाजता जिम, म्हणजे मध्ये सहा तास. इथे लोक एकतर भुकेले जातात किंवा सहाला समोसा खाऊन पोटात दगड घेऊन जातात. त्याऐवजी पाच-साडेपाचला एक पोळी-भाजी, किंवा केळं आणि वाटीभर दही घ्या. डब्यात एक पोळी जास्त नेणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

काय बिघडतं आणि का

बरगडीखाली कळ येते ती बहुधा पोट भरलेलं असताना धक्के बसल्याने किंवा नुकतंच गोड सरबत प्यायल्याने. वेग कमी करा, दुखऱ्या जागी हात दाबून धरा आणि सावकाश पूर्ण श्वास सोडा.

काहींना गोड खाऊन अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम सुरू केला की पहिल्या दहा मिनिटांत हातपाय गळाल्यासारखे होतात. खाल्ल्यामुळे इन्सुलिन वाढलेलं, त्यात स्नायूही साखर ओढतात, म्हणून रक्तातली साखर खाली येते. असं होत असेल तर गोड अगदी सुरुवातीच्या पाच मिनिटं आधी घ्या, नाहीतर दीड तास आधी.

घेरी आली, घाम सुटला, हात थरथरले तर थांबा, बसा आणि तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर वरचं ‘अनशापोटी चालतं’ तुम्हाला लागू नाही. निघण्याआधी साखर मोजा. ९० मिग्रॅ/डेसिलिच्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं घ्या. २५०च्या वर असून बरं वाटत नसेल किंवा लघवीत कीटोन (इन्सुलिन कमी पडून चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) असतील तर त्या दिवशी व्यायाम नको. खिशात ग्लुकोज ठेवा, आणि डोस कमी करायचा का, हे डॉक्टरांनाच विचारा.

सिंहगड आणि शर्यत

आतकरवाडीतून सिंहगड चढायला साधारण एक ते दीड तास लागतो. निघण्याच्या तासभर आधी पोहे आणि केळं, हे ठीक. खरी चूक वर होते. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही पोटभर खाऊन लोक लगेच उतरायला लागतात, आणि उतरताना पावलागणिक पोटाला धक्का बसतो. आधी गड फिरा, मग बेताने खा, तासभर टेका, मग उतरा.

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन किंवा साताऱ्याची हिल मॅरेथॉन पळणार असाल, तर शर्यतीच्या दिवशी नवीन काही खाऊ नका. जे खायचं ते आधीच्या तीन-चार लांब धावांआधी, त्याच प्रमाणात आणि त्याच वेळेला खाऊन बघा. गाव परकं असेल तर केळी आणि ब्रेड आदल्या रात्रीच खोलीत आणून ठेवा. पहाटे साडेतीनला हॉटेलचं स्वयंपाकघर बंद असतं.