नव्याने लिहिलेल्या सर्व्हरचं ऑडिट करताय? आधी जुना कोड उघडा

पुनर्लेखन झालेल्या सर्व्हर सॉफ्टवेअरचं सिक्युरिटी ऑडिट पहिल्यांदा हातात आलं की बहुतेक जण थेट नवा कोड वाचायला बसतात. मीही तिथेच बराच काळ अडकले होते. नव्या कोडमध्ये काय आहे ते दिसतं, पण पुनर्लेखनात काय गळालं ते कसं दिसणार?

ओपनएसएसएच या दूरस्थ लॉगिनच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण नीट समजून घ्या. सुरक्षा दोषांच्या जाहीर यादीतला त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७. ठरलेल्या मुदतीत (मूळ सेटिंग १२० सेकंद) लॉगिन झालं नाही की एसएसएचडीला (ओपनएसएसएचच्या सर्व्हर प्रोग्रामला) अलार्मचा सिग्नल येतो आणि त्याचा हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) लॉग लिहायला जातो. जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीतलं लॉग लिहिणारं फंक्शन सिसलॉग आतून मेमरी मागणारं मॅलॉक वापरू शकतं. मुख्य कोड मॅलॉकच्या अध्येमध्ये असतानाच सिग्नल आला, तर हँडलर अर्धवट अवस्थेतल्या हीपमध्ये (मॅलॉक जिथून मेमरी देतं त्या भागात) हात घालतो. परिणाम: लॉगिन न करताच रूट, म्हणजे सर्वाधिकार! २००६ च्या जुन्या दोषावर 'सिगडाय' फंक्शनमध्ये एक इफडेफ (कोडचा भाग कंपाइल करायचा की नाही हे ठरवणारी अट) टाकून हे बंद केलं होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉगिंगचा भाग नव्याने रचताना तो इफडेफ निघून गेला. आवृत्ती ८.५पी१ पासून ९.७पी१ पर्यंत भोक उघडं राहिलं. सुरक्षा कंपनी क्वालिसने ते १ जुलै २०२४ रोजी जाहीर केलं.

२०२० चा तो बदल तुमच्यासमोर आला असता तर? नवा कोड आटोपशीर, वाचायला सोपा. धोका सगळा काढलेल्या ओळीत.

म्हणून डिफमधल्या (जुन्या-नव्या कोडच्या तुलनेतल्या) लाल, म्हणजे काढलेल्या, ओळी आधी वाचा. विचित्र अट, जादा तपासणी, कारण न कळणारा इफडेफ दिसला की गिट ब्लेम (कोणती ओळ कोणत्या बदलात आली ते दाखवणारी कमांड) चालवा, कमिट संदेश वाचा, चेंजलॉग चाळा, जुन्या सीव्हीईंची यादी शेजारी ठेवा. मग अशा प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: हे काम आता कोण करतं? फंक्शनचं नाव आणि ओळ मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. हे कंटाळवाणं आहे, मला आजही जड जातं. कोड कुठल्या लिबसीवर (सी लायब्ररीवर) चालणार तेही विचारा. ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम यातून सुटली, कारण तिथे २००१ पासून सिग्नल हँडलरमध्ये सुरक्षित चालणारं सिसलॉग_आर आहे.

'रस्टमध्ये (मेमरीच्या चुका टाळणाऱ्या भाषेत) लिहिलंय, निम्मं काम झालं' असं सांगणारे सीनियर भेटतील. त्यांच्या भरवशावर राहू नका. २०२३ च्या ऑडिटमध्ये सुडो-आरएसमध्ये (सुडो या रूटचे अधिकार देणाऱ्या कमांडच्या रस्टमधल्या पुनर्लेखनात) दोष सापडला तो फाइलच्या पाथमधला: युजरनेममध्ये टिंब आणि स्लॅश असले तर भलतीच फाइल बिघडू शकत होती. मूळ सुडोतही तोच दोष निघाला, थोडा सौम्य. स्कॅनर जरूर चालवा, पण त्याचा अहवाल जोडून त्याला ऑडिट म्हणणं मला अजिबात पटत नाही.

सी भाषा पूर्ण येत नाही म्हणून मात्र मागे हटू नका. ओपनएसएसएचचा तो बदल जाणत्या लोकांच्या नजरेतूनही सुटला होता, आणि इतिहास चिकाटीने वाचणारा नवखा पुष्कळ काही पकडतो. लॉगिनच्या आधी चालणाऱ्या कोडपासून सुरुवात करा. ज्या जुन्या अटीचं कारण सापडत नाही, ती अहवालात तशीच नोंदवा आणि मेंटेनरना (कोड सांभाळणाऱ्यांना) सरळ विचारा.