सूर्याला खेटून जाणाऱ्या धूमकेतूचा माग कसा काढावा

धूमकेतू सूर्याजवळून जाणार अशी बातमी आली की एक सल्ला हमखास फिरू लागतो: सूर्य एखाद्या भिंतीआड लपवा आणि शेजारचं आकाश दुर्बिणीतून न्याहाळा. हे अजिबात करू नका. सूर्य आकाशात स्वतःच्या व्यासाएवढा सरकायला दोनच मिनिटं घेतो. तुम्ही फोकस जुळवत असतानाच त्याची कड आडोशाबाहेर येते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. ग्रहणाच्या चष्म्याचाही उपयोग नाही, त्यातून सूर्याखेरीज काहीच दिसत नाही.

त्याऐवजी अवकाशातून सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाची चित्रं वापरा. डिसेंबर 1995 मध्ये सुटलेल्या या यानावरचे लास्को कॅमेरे सूर्यबिंब तबकडीने झाकून भोवतालचा भाग टिपतात आणि चित्रं सर्वांना मोफत मिळतात. सोहोच्या चित्रांत आजवर 5000 हून अधिक धूमकेतू सापडले, बहुतेक हौशी मंडळींनाच.

1. निळी चित्रं सी-3 कॅमेऱ्याची, सूर्यकेंद्रापासून सुमारे 30 सौरत्रिज्यांपर्यंतची. केशरी सी-2 ची, साधारण सहापर्यंतची. सुरुवात सी-3 पासून करा.

2. 1024 पिक्सेलची सुटी चित्रं उतरवून घ्या. तयार व्हिडिओ नको, त्यात अंधूक ठिपके पुसले जातात.

3. आता खरं काम: तो ठिपका धूमकेतूच आहे का, हे ठरवणं. मलाही सर्वाधिक वेळ इथेच लागला, कारण ‘शेपटी दिसते का बघा’ असंच जो तो सांगायचा. लहान धूमकेतूंना बहुधा दिसण्याजोगी शेपटी नसते. असतो तो दोन-तीन पिक्सेलचा डाग. शेपटी विसरा, चाल बघा.

आधी एक तारा धरा आणि तासाभराची चित्रं एकामागून एक पुढे-मागे करत राहा. सी-3 मध्ये सगळे तारे डावीकडून उजवीकडे सरकतात, तासाला जेमतेम अडीच-तीन पिक्सेल. ही चाल नजरेत बसल्याशिवाय पुढे जाऊच नका. मग तिच्याशी न जुळणारं काय आहे ते शोधा. सूर्याकडे झेपावणारा धूमकेतू सी-3 मध्ये दर बारा मिनिटांच्या चित्रामागे साधारण दोन पिक्सेल सरकतो, म्हणजे ताऱ्याच्या कितीतरी पट वेगाने, आणि सूर्य जवळ येईल तसा वेग वाढवत जातो.

फसवणारे तिघे. पहिला, वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येऊन कॅमेऱ्यावर आदळणारे कण: त्यांचे ठिपके एकाच चित्रात असतात, पुढच्यात नसतात. पण चित्रात ते इतके पसरलेले असतात की सलग तीन चित्रांतले तीन ठिपके योगायोगाने एका रेषेत येतातच. म्हणून तीन चित्रांवर कधीही विश्वास ठेवू नका, पाच-सहा हवीतच, आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर वेळेच्या हिशेबात बसलं पाहिजे. एखादं चित्र गाळलेलं असेल तर तिथली उडी दुप्पट हवी. ही तपासणी मला सगळ्यांत भरवशाची वाटते. दुसरा, बिघडलेला पिक्सेल: तो जागचा हलत नाही. तिसरा, ग्रह: शुक्र किंवा गुरूच्या दोन्ही बाजूंना आडवी पांढरी रेघ उमटते. (खूप तेजस्वी धूमकेतूलाही ती येते, तेव्हा पुन्हा चालच बघायची.)

कुठे बघायचं? सोहोला सापडलेले बहुसंख्य धूमकेतू क्रॉइट्झ कुळातले, एका जुन्या मोठ्या धूमकेतूचे तुकडे. ते बहुधा चित्राच्या खालच्या अर्ध्यातून वर येतात. सी-3 मध्ये तबकडी धरणारा दांडा खाली डावीकडे दिसतो, यान उलटं फिरलेलं असेल तेव्हा वर उजवीकडे. त्याच्या आड गेलेला ठिपका हरवला असं समजू नका.

4. तेज वाढतच जाईल असं गृहीत धरू नका. क्रॉइट्झ कुळातले पुष्कळसे 10 ते 15 सौरत्रिज्यांच्या दरम्यान सर्वांत तेजस्वी होतात आणि सी-2 मध्ये पोचेपर्यंत मावळतातही.

5. तबकडीआड गेल्यावरही चित्रं बघत राहा. 16 डिसेंबर 2011 रोजी लव्हजॉय धूमकेतू सूर्यपृष्ठापासून सुमारे 1 लाख 40 हजार किलोमीटरवरून गेला आणि तो संपणार असं बहुतेकांनी धरलं असताना पलीकडून बाहेर आला. उलट ज्याच्यावर मोठी आशा होती तो आयसॉन 28 नोव्हेंबर 2013 रोजी सूर्याजवळ विखुरला. त्यामुळे भाकितं वाचून चित्रं बघणं सोडू नका.

6. नवा सापडला असं वाटलं तर सोहोच्या चित्रांतल्या धूमकेतूंची नोंद ठेवणाऱ्या सनग्रेझर प्रकल्पाकडे कळवा. प्रत्येक चित्राची वेळ, कॅमेरा आणि ठिपक्याची पिक्सेलमधली जागा लिहा. शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात धरलंय की खालच्या, हेही लिहा. ते राहिलं तर तुमचा ठिपका कुणालाच सापडणार नाही. आणि पाठवण्याआधी तोच धूमकेतू आधी कुणी कळवलाय का, ते प्रकल्पाच्या यादीत बघून घ्या.