अस्तित्वाचे प्रश्न अभ्यासायला घेताना: गावाकडून शिकणाऱ्यांसाठी

वहीच्या पहिल्या पानावर ‘अस्तित्व म्हणजे काय?’ एवढाच प्रश्न लिहून अभ्यासाला बसू नका. त्याला हात कुठून घालायचा हेच कळत नाही आणि आठवड्याभरात वही बंद होते. तत्त्वज्ञानातली माणसं तो प्रश्न फोडून घेतात. जगात मुळात किती प्रकारच्या गोष्टी आहेत? भाग बदलले तरी वस्तू तीच राहते का? कारणातून कार्य होतं तेव्हा काही नवं जन्मतं, की आधीचंच उघड होतं? नसणं हीसुद्धा एक गोष्ट मानायची का? आणि काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे? शेवटचा प्रश्न जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझनं १७१४ साली मांडला. नव्या विद्यार्थ्याला आधी तोच हवा असतो, पण तो शेवटीच घ्यावा. कारण, वस्तू, अभाव यांचा हिशेब आधी झाला नसेल तर त्या प्रश्नावर नुसतं नवल वाटत राहतं, विचार पुढे जात नाही.

‘माझ्या जगण्याचा अर्थ काय’ हा प्रश्न या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. तो खोटा नाही, पण तो मूल्यांचा प्रश्न आहे. दोन्ही एकत्र केले की वाचलेल्या प्रत्येक युक्तिवादातून धीर मिळतो का, एवढंच पाहिलं जातं आणि युक्तिवाद बरोबर आहे की नाही हे तपासायचं राहून जातं.

सुरुवात कुठून करावी? अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’पासून. सतराव्या शतकातलं हे लहानसं पुस्तक नवशिक्यांसाठीच लिहिलेलं आहे. संस्कृत येत नसेल तरी अडत नाही, मराठी-हिंदी अर्थासह ते मिळतं. त्यात जगाची मांडणी सात पदार्थांत, म्हणजे गोष्टींच्या सात मूळ प्रकारांत केली आहे: द्रव्य, गुण, कर्म (हालचाल), सामान्य (अनेकांत एकच असलेली जात), विशेष (नित्य द्रव्यांना एकमेकांपासून वेगळं करणारं), समवाय (न तुटणारा संबंध) आणि अभाव (नसणं). पुढे द्रव्यं नऊ, गुण चोवीस, कर्मं पाच. या याद्या पाठ कराव्यात, पण तेवढ्यावर थांबू नये. त्यातली खरी कमाई म्हणजे व्याख्या तपासण्याची रीत. व्याख्येत तीन दोष असू शकतात. ‘तांबड्या रंगाची ती गाय’ म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेली ती गाय’ म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘एकसंध खुराची ती गाय’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. आता हीच रीत आपल्या विषयाला लावा. ‘जे दिसतं ते आहे’ ही व्याख्या घेतली तर मृगजळही दिसतं, म्हणून अतिव्याप्ती. वारा दिसत नाही, म्हणून अव्याप्ती. एका ओळीच्या व्याख्येत दोन दोष निघाले. पहिला महिनाभर रोज अशी एक व्याख्या घेऊन ती मोडून पाहावी.

वही ठेवायची ती उघडल्यावर समोरासमोर येणाऱ्या दोन पानांवर. डाव्या पानावर पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं. उजव्या पानावर त्याचं उत्तर. दोन्हीकडे विधानांना क्रमांक द्या, एका विधानात एकच गोष्ट सांगा. डावं पान पुरं भरल्याशिवाय उजव्याला हात लावू नये. विरोधकाचं म्हणणं दोन ओळींत उरकलं की उत्तरही लेचंपेचं होतं, आणि परीक्षेत तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

नमुन्यादाखल एक वाद पूर्ण पाहू, कारण तो शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला चटकन उमगतो. बौद्ध तार्किक म्हणतात, जे काही कार्य घडवतं तेच खऱ्या अर्थानं आहे. याला ते अर्थक्रियाकारित्व म्हणतात. आता पोत्यातलं बी घ्या आणि मिरगात वावरात पेरलेलं बी घ्या. पेरलेलं उगवतं, पोत्यातलं उगवत नाही. अंकुर काढायची शक्ती पोत्यातल्या बियात असती तर तिथेच अंकुर निघायला हवा होता, कारण समर्थ गोष्ट थांबून राहत नाही. शक्ती नसेल तर वावरातही तो निघायला नको. म्हणजे पोत्यातलं बी आणि वावरातलं बी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेच क्षणाक्षणाला लावलं की कोणतीच वस्तू दोन क्षण टिकत नाही. आपण जिला ‘एक’ वस्तू म्हणतो ती एकामागून एक येणाऱ्या क्षणांची संतती असते.

नैयायिकाचं, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्याचं उत्तर: शक्ती बियातच आहे, फक्त माती, ओल, ऊब हे सहकारी जमलेले नाहीत. इथे थांबलात तर अभ्यास अर्धाच झाला, कारण बौद्धाचा उलट प्रश्न जबरदस्त आहे. सहकारी बियात काही भर घालतात का? घालत नसतील तर ते कशाला हवेत? घालत असतील आणि ती भर बियाहून वेगळी असेल, तर अंकुर त्या भरीनं काढला, बियानं नाही. भर बियाहून वेगळी नसेल, तर नवं बीच जन्माला आलं. यावर न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांच्या मांडणीत शक्ती दोन अर्थांनी घेतली जाते. बियाच्या जातीमुळे त्याच्या अंगी असलेली पात्रता ही स्वरूपयोग्यता. ती पोत्यातही आहे. सगळी सामग्री जमल्यावर प्रत्यक्ष फळ देणं हे फलोपधान. ते वावरातच घडतं. ‘समर्थ गोष्ट थांबत नाही’ हा नियम दुसऱ्या अर्थाला लागू पडतो, पहिल्याला नाही. हे उत्तर पुरेसं आहे का, यावर तुमचं स्वतःचं पान लिहा. विद्यार्थी इथे हमखास एक चूक करतात: ‘ओलाव्यानं बियात रासायनिक बदल होतात, विज्ञानानं हे सिद्ध केलंय’ असं लिहून मोकळे होतात. बदल दोघांनाही मान्य आहे. तेच बी बदललं की त्याच्या जागी दुसरं आलं, हा वाद आहे आणि तो प्रयोगशाळेत सुटत नाही.

दुसरा असाच कसदार वाद अवयव (भाग) आणि अवयवी (भागांची मिळून झालेली वस्तू) यांचा. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात बौद्ध भिक्खू नागसेन मिलिंद राजाला रथाबद्दल विचारतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? प्रत्येकाला ‘नाही’ म्हटल्यावर उरतं ते नुसतं नाव. रथाऐवजी अंगणातली बंडी घ्या, मुद्दा तोच राहतो. न्यायदर्शन म्हणतं, बंडी ही तिच्या भागांहून वेगळी, भागांत समवायानं राहणारी खरी वस्तू आहे. त्यासाठी कारणं दोन. जगात नुसते परमाणूच असते तर काहीच दिसलं नसतं, कारण परमाणू दिसत नाही. आणि जू ओढलं की सगळी बंडी येते. पूर्वपक्षी म्हणतो, लांबून वन एक दिसतं, सैन्य एक दिसतं, तसंच हे. उत्तर असं की झाड आणि सैनिक जवळून एकेकटेही दिसतात, परमाणू कधीच दिसत नाही. ओढण्याचा युक्तिवाद मात्र कच्चा आहे. लाखेनं चिकटवलेलं गवत, दगड, लाकूडही एकत्र ओढलं जातं. त्यातून नवी वस्तू झाली असं कोणी म्हणत नाही. ही हरकत न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानं भाष्यात स्वतःच नोंदवली आहे. आपल्याच बाजूचा कच्चा युक्तिवाद ओळखता येणं ही या विषयातली मोठी पायरी आहे. पाश्चात्त्यांकडे याच्याच जवळचं कोडं थिसियसच्या जहाजाचं: एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच का? इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जनं १६५५ साली त्यात भर घातली, की काढलेल्या जुन्या फळ्यांचं दुसरं जहाज बांधलं तर मूळ जहाज कोणतं?

विदर्भात राहून या विषयाला शहरात न मिळणारा एक आधार मिळतो. इथे गावागावांत वेगवेगळी सत्तामीमांसा, म्हणजे ‘काय काय आहे’ याचा विचार, नांदती आहे. महानुभाव पंथ जीव, देवता, प्रपंच (जड जग) आणि परमेश्वर असे चार पदार्थ मानतो. चारही अनादी, चारही एकमेकांहून वेगळे. देवता परमेश्वराहून निराळ्या, हा भेद नीट लक्षात घ्या. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे या पंथाचं मोठं स्थान, तिथे आता मराठी भाषा विद्यापीठही आहे. अद्वैताची बाजू पाहायची तर अमरावती जिल्ह्यातलेच गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) आहेत. त्यांनी शांकर अद्वैत आणि मधुरा भक्ती (देवाला प्रियकर मानून केलेली भक्ती) यांचा मेळ घातला. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धम्मदीक्षेनंतर अनात्मवाद, म्हणजे कायम टिकणारा आत्मा नाही हे मत, हा इथल्या असंख्य घरांचा विचार झाला. मठातल्या बाबांना, विहारातल्या भंतेंना, कीर्तनकार महाराजांना जाऊन विचारा, पण ‘तुमचं खरं की त्यांचं’ असं विचारू नका. ‘मेल्यानंतर काय उरतं, आणि उरत नसेल तर कर्माचं फळ कोणाला?’ असा नेमका एकच प्रश्न न्या. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, मग वहीत क्रमांक घालून मांडा. श्रद्धास्थानी वाद घालायला जाऊ नये. तिथे पूर्वपक्ष गोळा करायला जावं.

दोन गैरसमज दरवर्षी गुण खातात. पहिला: शंकराचार्यांच्या मते जग नाहीच. ते जगाला मिथ्या म्हणतात. सशाच्या शिंगासारखं असत् म्हणत नाहीत. मिथ्या म्हणजे सत् आणि असत् या दोन्हींहून निराळं, अनिर्वचनीय. म्हणूनच पारमार्थिक (अंतिम सत्य), व्यावहारिक (रोजचं जग) आणि प्रातिभासिक (भास, स्वप्न) अशा तीन पातळ्या कराव्या लागतात. दुसरा: बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाच्या मते काहीच नाही. त्यांचं शून्य म्हणजे निःस्वभावता, स्वतःचा स्वतंत्र स्वभाव नसणं. वस्तू इतरांवर अवलंबून उभी असते, स्वतःच्या बळावर नाही. ‘मूलमध्यमककारिके’च्या चोविसाव्या प्रकरणात हाच गैरसमज पूर्वपक्ष म्हणून येतो आणि तिथेच त्याला उत्तर आहे. सत्तावीस प्रकरणांतलं ते एक तरी मुळातून वाचावंच.

पाश्चात्त्य बाजूला एकच साखळी नीट धरावी. मध्ययुगीन ख्रिस्ती विचारवंत ॲन्सेल्म ईश्वराबद्दल म्हणतो, ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही ते केवळ मनात असू शकत नाही. कांट १७८१ साली उत्तर देतो, की अस्तित्व हा गुणच नाही. खरे शंभर थालेर (जुनं जर्मन नाणं) आणि कल्पनेतले शंभर थालेर यांच्या संकल्पनेत एका थालेरचाही फरक नसतो. पुढे रसेल (१९०५) आणि क्वाइन (१९४८) हा धागा नेतात. हायडेगर आणि सार्त्र यांच्याकडे त्यानंतर वळावं. आधी गेलात तर वाक्यं पाठ होतील, पण त्यांची भांडणं कोणाशी आहेत ते कळणार नाही.

साधनांचं म्हणाल तर मराठी विश्वकोश आणि स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश दोन्ही मोबाइलवर फुकट वाचता येतात. रेंज असेल तेव्हा नोंद उतरवून ठेवावी आणि दिवसाला पाचसहा पानंच वाचावीत. कापूस वेचणी आणि हिवाळी परीक्षा पाठोपाठ येतात, म्हणून जड वाचन पोळ्याच्या आसपास संपवून नंतर फक्त वहीची उजळणी ठेवावी. ‘नेट’ या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेत तत्त्वज्ञानाचा विषयक्रमांक ०३ आहे. दोन पेपर, मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. प्रश्न इंग्रजी-हिंदीत येतात, म्हणून मराठीत शिकलेली प्रत्येक संज्ञा त्या दोन भाषांतही लिहून ठेवा. ‘यूपीएससी’ला हा वैकल्पिक विषय २५० गुणांच्या दोन पेपरांचा असतो आणि उत्तरं मराठीत लिहिता येतात. प्राध्यापकाच्या जागा मोजक्याच निघतात, हे घरच्यांना पहिल्या वर्षीच सांगावं. एम.ए.सोबत बी.एड., अनुवाद किंवा स्पर्धा परीक्षेची एक बाजू धरून ठेवावी.

एकट्यानं हा विषय जमत नाही. तिघं जमवा: एक पूर्वपक्षी, एक सिद्धांती (उत्तर देणारा), एक मध्यस्थ. बैठक चाळीस मिनिटांची, दर बैठकीला भूमिका बदलायच्या. न्यायशास्त्र चर्चेचे तीन प्रकार सांगतं. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं खोडत राहणं ती वितंडा. कोणी वितंडेवर उतरला की मध्यस्थानं ‘तुमचा पक्ष काय?’ एवढंच विचारावं. उत्तर मिळालं नाही तर त्या दिवशीची बैठक तिथेच थांबवून त्याच माणसाला पुढच्या वेळी सिद्धांती करावं.