कॅमेलियनच्या छातीत कफ भरलाय का, ओळखायचं कसं आणि करायचं काय

कॅमेलियन, म्हणजे पाळलेला रंग बदलणारा सरडा, तोंड उघडून बसलाय, आता काय करू, असं विचारलं की उत्तरं दोन टोकांची येतात. एक जण म्हणणार काही नाही रे गरम होतंय त्याला, दुसरा म्हणणार न्यूमोनिया झालाय, आत्ताच्या आत्ता अँटिबायोटिक चालू कर. आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात. तोंड कधी उघडलं आणि कुठे बसून उघडलं यावर सगळं आहे, म्हणून आधी थोडा वेळ नुसतं बघा, पण लांबून, कारण तुम्ही पिंजऱ्यासमोर जाऊन उभे राहिलात की तो फुगणार, फुस्स करणार आणि तोंड पण उघडणार, मग आजारी आहे का तुमच्यावर चिडलाय ते काही कळणार नाही.

आधी नॉर्मल काय ते सांगतो. बास्किंगच्या, म्हणजे ऊब घ्यायच्या दिव्याखाली बसून तोंड उघडलंय आणि जरा बाजूला सरकल्यावर काही मिनिटांत बंद केलं, तर तो फक्त अंग थंड करतोय. मात्र दिव्याखाली गेला की दरवेळी हेच होत असेल तर दिवा जास्त जवळ आहे किंवा जास्त वॉटचा आहे, तो वर घ्या. नुकतंच पाणी प्यायलाय आणि ओठाच्या कडेला थोडे बुडबुडे आलेत, तेही चालतं. कात टाकताना हे लोक तोंड वासतात, डोळे बाहेर काढतात, चेहरा घासतात, बघायला भीतीदायक वाटतं पण ठीक असतं. नाकपुडीशी पांढरी कोरडी पावडर दिसली तर ते बहुतेक वेळा शरीराने बाहेर टाकलेले क्षार असतात, त्याला सर्दी समजू नका. ओलं, चकाकणारं, चिकट काही नाकातून येत असेल तर मात्र ते क्षार नाहीत.

आता काळजीचं. सकाळी दिवे लागायच्या आधी, म्हणजे पिंजरा थंड असताना तोंड उघडं आहे, किंवा रात्री झोपेत उघडं आहे, तर याला गरमीचं कारण देता येत नाही. दुसरी खूण म्हणजे मान ताणून नाक छताकडे करून बसणं. ही खूण बरेच जण हुकवतात कारण लांबून बघितलं तर तो फक्त वर बघतोय असं वाटतं, पण तासन् तास तसाच असेल तर तो हवेचा रस्ता सरळ करून श्वास घ्यायची धडपड करतोय असं समजा. मग आवाज, टक टक किंवा पॉप पॉप असा, किंवा बारीक शिट्टीसारखा. दिवसा घरात आवाज असतो म्हणून हे ऐकू येत नाही, रात्री तो झोपल्यावर सगळं शांत करून, लाइट न लावता पिंजऱ्याजवळ कान द्या आणि ऐकू आलं तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, डॉक्टरकडे गेल्यावर तो नेमका आवाज करत नाही. तोंडाच्या कडेला फेस, तोंड उघडल्यावर वरून खाली ताणलेल्या लाळेच्या तारा, प्रत्येक श्वासाला बरगड्या खूप आतबाहेर होणं, गळ्याखाली सूज, रंग काळपट पडणं, फांदीवरची पकड ढिली होणं, भूक जाणं, हे सगळं त्याच यादीत येतं. आणि दिवसाढवळ्या डोळे मिटून बसणं. कॅमेलियन दिवसा झोपत नाही, दिवसा डोळे मिटलेले दिसले की आजार श्वासाचा असो वा दुसरा कुठला, काहीतरी बिघडलंय एवढं नक्की.

एक अपवाद लक्षात ठेवा, मादीच्या पोटात अंडी असतील तर जागा कमी पडते आणि श्वास जड दिसू शकतो. ती खाली उतरून फिरतेय, माती उकरतेय का ते बघा. नर नसला तरी मादी अंडी धरते, त्यामुळे माझी एकटीच आहे म्हणून हे सोडून देऊ नका.

हे एवढं गंभीरपणे का घ्यायचं तर यांना आपल्यासारखं छाती-पोटामधलं श्वासपटल नसतं, त्यामुळे आपण खोकून कफ बाहेर काढतो तसं यांना जमत नाही. फुफ्फुसं पिशवीसारखी आणि त्यांना बोटांसारखे फाटे, आत साचलेला चिकटा खालीच बसून राहतो. त्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पातळ नसतो, घट्ट गोळे होतात, ते आपोआप वाहून जात नाहीत आणि औषधालाही आत शिरायला वेळ लागतो. आणि कॅमेलियन आजार लपवतो, जंगलात कमजोर दिसणारा आधी खाल्ला जातो ना. म्हणजे तुम्हाला आज दिसलं म्हणून आजार आज सुरू झाला असं नसतं, बरेच दिवस चाललेलं असतं. म्हणून दोन आठवडे वाट बघू, ऊन मिळालं की बरा होईल, हा विचार इथे महागात पडतो.

किती घाई करायची? फेस येतोय, तोंड सतत उघडंच आहे, तोंडाच्या आतला भाग गुलाबी न दिसता फिकट किंवा निळसर दिसतोय, फांदीवरून पडलाय, किंवा डोळेच उघडत नाहीये, तर त्याच दिवशी डॉक्टर. फक्त अधूनमधून टक टक ऐकू येतंय पण खातोय, फिरतोय, तर एकदोन दिवसांत अपॉइंटमेंट घ्या, पण घ्याच.

डॉक्टरकडे पोचेपर्यंत घरी करायची गोष्ट मुख्यतः एकच, तापमान. या प्राण्यांचं शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालतं, थंड असेल तर रोगप्रतिकारशक्ती पण मंद आणि औषधाचं काम पण मंद. व्हेल्ड आणि पँथर या जातींच्या कॅमेलियनसाठी बास्किंगची जागा 29 ते 32 अंश सेल्सिअस, बाकी पिंजरा दिवसा 25 ते 28 च्या आसपास, आणि एरवी रात्री जो गारवा देतो तो आजारपणात द्यायचा नाही, 22 ते 24 च्या खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरा, रात्रभर लाल बल्ब नको, झोप मोडते. जॅक्सन जातीचा कॅमेलियन डोंगराळ थंड भागातला आहे, त्याला हे आकडे लावू नका, दिवसा 26-27 पुष्कळ झालं, 30 च्या वर गेला तर तो उष्णतेनेच त्रासात येईल. कुठलाही असो, पिंजऱ्याचा एक कोपरा थंड राहिलाच पाहिजे म्हणजे त्याला नको झालं तर सरकता येईल. तापमान काचेवर चिकटवलेल्या गोल डायलवर बघू नका, ते बऱ्याचदा चुकीचं दाखवतात, डिजिटल प्रोब तो ज्या फांदीवर बसतो तिथे, त्याच्या डोक्याच्या उंचीवर लावा.

आणि फॉगर, म्हणजे पिंजऱ्यात धुकं सोडणारं यंत्र, बंद करा. इथे लोक नेमकं उलटं करतात, छाती भरलीये म्हणजे वाफ द्यायची असं आपल्या डोक्यात बसलंय, मग दिवसभर फॉगर चालू, वर गरम दिवा, सगळा पिंजरा दमट उबदार आणि हवा जागची हलत नाही. याच्यापेक्षा जंतूंना अजून काय पाहिजे. मिस्टिंग, म्हणजे पाण्याचा बारीक फवारा, करा पण दोन मिस्टिंगच्या मधे पानं पूर्ण सुकली पाहिजेत. गरम पाण्याची वाफ, बाम, निलगिरीचं तेल, माणसांचं कफ सिरप, सर्दीची गोळी, यातलं काहीही नाही. गेल्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक पण नाही, डोस प्राण्याच्या ग्रॅममधल्या वजनावर काढतात, अंदाजपंचे दिलं तर जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात, आणि नंतर डॉक्टरांनी तपासायला नमुना घेतला तर त्याचा रिपोर्ट पण गडबडतो.

पाणी मात्र द्यायचंच, कारण उष्णता वाढवली की शरीर सुकतं. विष्ठेतला पांढरा भाग केशरी-पिवळा झाला असेल, डोळे खोल गेले असतील तर पाणी कमी पडतंय. ड्रॉपरने ओठाच्या टोकावर एकेक थेंब सोडा, तो स्वतः चाटायला लागला तर ठीक, नाही तर सोडून द्या. तोंड उघडून सिरिंजने आत पिचकारी मारायची नाही म्हणजे नाही, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी सरळ फुफ्फुसात जातं, आणि आधी न्यूमोनिया नसला तर त्यानंतर होतो. खाणं पण कोंबू नका. मोठा कॅमेलियन काही दिवस खाल्ल्याशिवाय राहतो, पिल्लाचं तसं नाही, पिल्लू खात नसेल तर अजून लवकर पळा.

डॉक्टर सरपटणारे प्राणी बघणारा शोधा. नुसता कुत्री-मांजरी बघणारा चांगला असला तरी त्याला इथे अडायला होतं. नेताना छोटा हवेशीर डबा, आत धरायला काठी किंवा गुंडाळलेलं फडकं, अंधार, आणि थंडी असेल तर कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून डब्याच्या बाहेरून लावा. सोबत ताजी विष्ठा, पिंजऱ्याचे फोटो, दिवसाचं आणि रात्रीचं तापमान, कुठली सप्लिमेंट किती दिवसांनी देता, यूव्हीबी ट्यूब (अतिनील किरणांचा दिवा) कधी बदलली, आणि तो पैदास केलेला आहे का जंगलातून पकडलेला, हे सगळं लिहून न्या. शेवटचं विशेष महत्त्वाचं, कारण पकडून आणलेल्यांमध्ये फुफ्फुसातले जंत निघतात आणि त्यांना कितीही अँटिबायोटिक दिलं तरी उपयोग नाही.

तिथे काय होतं ते माहीत असलेलं बरं. स्टेथोस्कोपने सरपटणाऱ्यात फारसं कळत नाही, म्हणून एक्स-रे काढतात, श्वासनलिकेतून किंवा तोंडातून नमुना घेऊन कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी करतात म्हणजे कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते कळतं. स्यूडोमोनास, क्लेबसिएला, एरोमोनास असले जंतू बऱ्याचदा सापडतात. खर्च वाचवायला कल्चर टाळावंसं वाटतं पण मला विचाराल तर पैसे कमी असतील तर बाकी कशात तरी कात्री लावा, यात नको. सेफ्टाझिडीम हे अँटिबायोटिक दिलं तर साधारण दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन असतं, एन्रोफ्लॉक्सासिन पण वापरतात. इंजेक्शनच्या जागी कातडी काळी पडू शकते, विशेषतः एन्रोफ्लॉक्सासिनने, ते डॉक्टरांना दाखवा पण त्यासाठी कोर्स मनाने थांबवू नका. काही जण नेब्युलायझेशन देतात, म्हणजे औषधाचे बारीक कण हवेतून श्वासात. व्हिटॅमिन एची कमतरता असेल तर श्वासमार्गाचं अस्तरच बिघडतं आणि इन्फेक्शन परत परत होतं, पण हे जास्त झालं तरी विषारी आहे, म्हणून तेही डॉक्टरांनीच ठरवायचं. औषधाने काहीच फरक पडत नसेल तर बुरशी, जंत किंवा व्हायरसबद्दल विचारा, व्हेल्डमध्ये श्वासाच्या आजारासोबत सर्पेंटोव्हायरस नावाचा व्हायरस सापडल्याचं 2020 मध्ये प्रसिद्ध झालंय, म्हणजे फक्त बॅक्टेरिया हे एकच कारण नसतं.

आता पिंजरा, कारण तो तसाच ठेवला तर औषध संपल्यावर महिनाभरात तुम्ही परत तिथेच. चारी बाजूंनी बंद काचेची टाकी असेल तर हवा खालून आत येऊन वरून बाहेर जाईल असं काहीतरी करा किंवा जाळीचा पिंजरा घ्या. ओलावा रात्री गारव्यात जास्त आणि दिवसा कमी, हे नैसर्गिक आहे, उलटं घातक. फॉगर आणि मिस्टरची टाकी, नळ्या, नोझल आठवड्याला धुऊन पूर्ण सुकवा, त्यात जो बुळबुळीत थर जमतो तोच नंतर धुक्यातून त्याच्या नाकात जातो. सिगरेटचा धूर, रूम फ्रेशनर, सुगंधी मेणबत्त्या त्या खोलीत नकोत. समोर दुसरा कॅमेलियन दिसत असेल तर आडोसा लावा, सततच्या ताणाने पण प्रतिकारशक्ती जाते.

दुसरे प्राणी असतील तर आजारी असलेल्याला वेगळ्या खोलीत, त्याचे चिमटे-भांडी वेगळी, आणि रोज त्याचं सगळ्यात शेवटी करायचं. हात साबणाने धुवा, साल्मोनेला या माणसाचं पोट बिघडवणाऱ्या जंतूचा प्रश्न असतोच.

कोर्स चालू असताना ग्रॅममध्ये मोजणाऱ्या काट्यावर दोन-तीन दिवसांनी वजन करून लिहून ठेवा. पकडून तोलायचं नाही, काट्यावर फांदी ठेवून त्यावर चढू द्या. वजन दहा टक्क्यांच्या वर घटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. काही दिवसांत तोंड बंद दिसायला लागतं, खायला लागतो, आणि तिथेच लोक औषध बंद करतात कारण त्याला पकडून टोचायचं कुणालाच आवडत नाही, पण कोर्स कित्येक आठवडे चालू शकतो आणि आतले घट्ट गोळे विरघळायला वेळ लागतो. बाहेरून बरा दिसला तरी शेवटी परत एक्स-रे काढून घ्या, आणि रात्रीचा गारवा आणि फॉगिंग डॉक्टर हो म्हणाल्यावरच परत सुरू करा, तेही एकदम नाही, दर आठवड्याला एकदोन अंशांनी खाली आणत.